एका टिकचा सौदा: बेटिंग एक्सचेंजवर कमी जोखमीचे ट्रेडिंग तपासताना ठेवलेल्या नोंदी

१९ फेब्रुवारी २०२४, सोमवार

काम असे: ब्रिटनमधल्या घोडदौडीच्या विन मार्केटमध्ये (कोण जिंकणार यावरच्या बाजारात), शर्यत सुटण्याआधीच्या दहा मिनिटांत, एकेका टिकचे (भावाच्या लहानात लहान पायरीचे) स्कॅल्पिंग, म्हणजे छोट्या फरकावरचे झटपट सौदे, प्रोग्रामने करता येते का ते बघणे. कोणता घोडा जिंकणार याच्याशी देणेघेणे नाही. चढ्या भावाला लावायचे (बॅक, घोडा जिंकेल यावर पैज), उतरत्या भावाला खायचे (ले, तो जिंकणार नाही यावर पैज), आणि फरक दोन्ही निकालांवर सारखा वाटून मोकळे व्हायचे.

एक्सचेंज बेटफेअर, जिथे लावणारे आणि खाणारे ग्राहकच एकमेकांशी जुळतात. भाव म्हणजे घोडा जिंकल्यास लावलेल्या एका पौंडामागे, तो पौंड धरून, परत मिळणारी रक्कम. खाते ५ टक्के कमिशनच्या योजनेत होते, ते २ टक्क्यांच्या ‘बेसिक’ योजनेत बदलले. सवलती जातात, पण एकेका टिकवर जगायचे असेल तर त्यांचा उपयोग नाही. कमिशन प्रत्येक सौद्यावर नसते, एका मार्केटमधल्या निव्वळ नफ्यावर असते. त्यामुळे एकाच शर्यतीतला तोटा त्याच शर्यतीतल्या नफ्यातून आधी वजा होतो. पहिल्या हिशेबात कमिशन सौद्यागणिक लावले होते, ते काढून टाकले.

नियम: खात्यात २०० पौंड, एका सौद्याला १० पौंड, शर्यत सुटल्यावर पोझिशन उघडी (उलट सौदा न झालेली) ठेवायची नाही. परवाना आणि कायदा जिथे परवानगी देतो तिथल्याच खात्यावर हे करायचे, हे वेगळे सांगायला नको.

२१ फेब्रुवारी

लॅडरचे (भावांच्या शिडीचे) कोष्टक कोडमध्ये घातले. १.०१ ते २ पर्यंत टिक ०.०१ ची, २ ते ३ मध्ये ०.०२, ३ ते ४ मध्ये ०.०५, ४ ते ६ मध्ये ०.१, ६ ते १० मध्ये ०.२, १० ते २० मध्ये ०.५, २० ते ३० मध्ये १. पुढे १००० पर्यंत आणखी रुंद होत जाते.

हे कोष्टक नुसते टाइप करून पुढे जाऊ नये. १० पौंडांवर एक टिक म्हणजे किती, ते भावागणिक काढून भिंतीवर लावावे:

१.५० ला लावून १.४९ ला खाल्ले तर ७ पेन्स.
२.०२ ला लावून २.०० ला खाल्ले तर १० पेन्स.
३.५० ला लावून ३.४५ ला खाल्ले तर १४ पेन्स.
४.१ ला लावून ४.० ला खाल्ले तर २५ पेन्स.

खायची रक्कम = लावलेली रक्कम × लावलेला भाव ÷ खायचा भाव. ३.५० ला १० पौंड लावले, तर ३.४५ ला १०.१४ खायचे. घोडा हरला तर १४ पेन्स, जिंकला तर २५.०० वजा २४.८४, म्हणजे १६ पेन्स. दोन पेन्सचा फरक पूर्णांकनाचा.

पहिली चूक इथेच झाली. आधी १० पौंड खायचे आणि उरलेले १४ पेन्स वेगळ्या ऑर्डरने टाकायचे, असे लिहिले होते. एवढी छोटी ऑर्डर किमान रकमेच्या खाली जाते आणि नाकारली जाते. शेवटची रक्कम एकाच ऑर्डरमध्ये काढायची.

२३ फेब्रुवारी

टिक जिथे बदलते त्या भावांचे गणित सरळ नसते, हे कोष्टक बघताना लक्षात आले. ४.० ला १० पौंड लावले. भाव एक टिक आपल्या बाजूने, ३.९५ ला, आला तर १३ पेन्स मिळतात. एक टिक विरुद्ध, म्हणजे ४.१ ला गेला तर २४ पेन्स जातात. पडद्यावर दोन्ही ‘एक टिक’च. उलट ४.० ला आधी खाल्ले तर हेच गणित आपल्या बाजूचे होते. २, ३, ४, ६, १०, २० या सगळ्या सीमांवर असेच.

फुकटची मिठाई दिसली म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. हे गणित सगळ्यांना येते, म्हणून ४.० वर खाणाऱ्यांची रांग नेहमी लांब असते आणि आपला नंबर लागतो तेव्हा बहुतेक वेळा भाव आपल्या अंगावरून पुढे निघालेला असतो. निर्णय: सीमेच्या भावावर आधी बॅक करून शिरायचे नाही, एवढाच नियम ठेवला.

३ मार्च

गेले आठ दिवस जुन्या डेटावर चाचणी. बेटफेअरचा ऐतिहासिक डेटा तीन प्रतींचा मिळतो: बेसिक फुकट, मिनिटामिनिटाचा, ॲडव्हान्स्ड सेकंदाचा, प्रो ५० मिलिसेकंदांचा. शेवटचे दोन विकतचे. पैसे वाचवायचे म्हणून बेसिक घेतला.

चाचणीत शंभरापैकी नव्वदच्या वर सौदे नफ्यात. इतके गोड चित्र दिसले की कोड तपासायचा, मार्केट नाही.

६ मार्च

सापडले. बेसिकच्या फाइलींत फक्त शेवटचा जुळलेला भाव असतो, दोन्ही बाजूंच्या बोली नसतात. एखाद्या घोड्याला लावायला ३.४५ मिळतात आणि खायला ३.५० मोजावे लागतात. कोणी ३.४५ घेतो, कोणी ३.५० घेतो, आणि शेवटचा भाव ३.४५, ३.५०, ३.४५ असा नाचत राहतो. बाजार जागचा हललेलाही नसतो. चाचणी प्रत्येक नाचाला नफा समजत होती.

आठ दिवस गेले. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी बेसिकचा उपयोग फाइल वाचायचा कोड लिहिण्यापुरता करावा. फाइल दाबलेली असते, आत ओळीगणिक एक जेसन संदेश (प्रोग्रामला वाचता येईल अशा मांडणीतला मजकूर), वेळ मिलिसेकंदांत आणि यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). ती रचना तिन्ही प्रतींत सारखीच आहे. स्कॅल्पिंगची चाचणी मात्र प्रोशिवाय करू नये.

१० मार्च

एका महिन्याचा प्रो डेटा घेतला. आता प्रत्येक भावावर किती पैसे थांबले आहेत आणि किती जुळले, दोन्ही दिसते. रांगेचे गणित लिहिले: एक्सचेंजवर एकाच भावाच्या ऑर्डरी आल्या त्या क्रमाने जुळतात. आपण ३.४५ ला खायची ऑर्डर टाकली तेव्हा तिथे ८०० पौंड आधीच उभे असतील, तर त्या भावाला ८०० जुळल्यावरच आपला नंबर. पुढचे लोक ऑर्डर काढून घेतात तेव्हा नंबर लवकर लागतो, पण त्यांनी रांगेत नेमके कुठून पैसे काढले हे डेटात दिसत नाही. म्हणून कोणी काढतच नाही असे धरले. चाचणी थोडी कडक झालेली परवडते.

तरीही भरण्याचा वेग संशयास्पद होता. कारण: डेटातली जुळलेली रक्कम दुप्पट मोजलेली असते, लावणाऱ्याची आणि खाणाऱ्याची दोन्ही धरून. ८०० ची रांग सरकायला आकडा १६०० ने वाढायला हवा. एका ओळीत दोनने भागले आणि नफ्यातल्या सौद्यांचे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास आले. आता आकडा खरा वाटू लागला.

आणखी एक: वेबसाइटवर दिसणारे भाव आणि एपीआयमधून (प्रोग्रामसाठीच्या जोडणीतून) येणारे कच्चे भाव वेगळे असतात. वेबसाइट इतर घोड्यांवरच्या बोलींतून तयार झालेल्या आभासी बोलीही दाखवते. एपीआयला त्या वेगळ्या मागाव्या लागतात. पडदा आणि प्रोग्राम जुळत नाहीत म्हणून निम्मा दिवस डोके खाजवण्यात गेला.

१२ ते १५ मार्च

चेल्टनहॅमच्या मोठ्या घोडदौड महोत्सवाचे चार दिवस. पैसे लावले नाहीत, सराव मोडमध्येच चालवले.

इथे उलाढाल प्रचंड असते, म्हणून नवखे याच आठवड्यात सुरुवात करतात. एका टिकच्या कामाला ते सोयीचे नाही. पैसा जितका जास्त, तितकी प्रत्येक भावावरची रांग लांब. १० पौंड त्या रांगेच्या टोकाला बसतात आणि पाच मिनिटे हलत नाहीत. हलतात तेव्हा मोठ्या पैशाने तो भाव पुरता खाऊन टाकलेला असतो, म्हणजे आपली ऑर्डर भरते ती भाव विरुद्ध जाताना. सराव मोडचा तर आणखी एक दोष आहे. त्यात आपली ऑर्डर बाजाराला दिसतच नाही, त्यामुळे तिच्याकडे बघून कोणी मागे हटत नाही की पुढे येत नाही. रोजच्या मधल्या दर्जाच्या शर्यती, ८ ते १२ घोडे, ३ ते ६ च्या भावातले पहिले दोन घोडे, एवढेच क्षेत्र ठरवले.

लॅडरवर एका बाजूला दिसणाऱ्या पैशाच्या ढिगावर विश्वास ठेवणारे सूत्रही या चार दिवसांत काढून टाकले. मोठी रक्कम दिसते, भाव तिच्याजवळ येतो आणि ती गायब होते. बहुधा घाबरवण्यासाठीच ठेवलेली असते.

१८ मार्च

खरे पैसे. १० पौंडांचे नऊ सौदे, सहा नफ्यात, दोन बरोबरीत, एक तोट्यात. नोंद घेण्यासारखे काही नाही, ही चांगली गोष्ट.

२० मार्च

मोठा फटका, १० पौंड.

३.८ च्या घोड्यावर बॅक भरली. खायची ऑर्डर रांगेत होती. शर्यत सुटली. ऑर्डर टाकताना न जुळल्यास काय करायचे हा पर्याय ‘लॅप्स’ होता, आणि एपीआयमध्ये तोच लिहिलेला होता. मार्केट इन-प्लेला (शर्यत चालू असतानाच्या सौद्यांना) वळले त्या क्षणी खायची ऑर्डर रद्द झाली, लावलेली तशीच राहिली. घोडा हरला.

घड्याळ बघून बाहेर पडण्याची अट होती, पण ती जाहीर वेळेच्या १० सेकंद आधीची. त्या दहा सेकंदांत मार्केटने तीन टिक उडी मारली, प्रोग्रामने नवीन भाव काढून ऑर्डर पुन्हा टाकली आणि ती भरायच्या आत घोडे निघाले. शर्यत जाहीर वेळेलाच निघते असे नाही, बहुतेक वेळा उशिरा निघते. वेळेवर निघाली तो दिवस आपला नसतो.

दुरुस्ती: जाहीर वेळेच्या १५० सेकंद आधी नवा सौदा बंद, ९० सेकंद आधी जो भाव असेल त्या भावाला बाहेर. यात नफ्याची शेवटची मिनिटे हातची जातात. जाऊ द्यावीत. इन-प्लेमध्ये भाव सावरून बाहेर पडू, हा विचारही करू नये: घोडदौडीत ऑर्डर सुमारे एक सेकंद रोखून ठेवली जाते, चित्रही काही सेकंद मागे असते आणि धाव काही मिनिटांत संपते.

उलट बाजूने अडकले असते तर? ६.० ला १० पौंड खाल्ले आणि परत लावता आले नाही, तर घोडा जिंकल्यावर ५० पौंड जातात. ‘कमी जोखीम’ हा शब्द दोन्ही पाय जमिनीवर असेपर्यंतच खरा. एक पाय हवेत असताना ती साधी पैज असते.

२३ मार्च

लॅप्सऐवजी ‘टेक एसपी’ लावून पाहिले: न जुळलेली ऑर्डर शर्यत सुटताना बेटफेअरच्या स्टार्टिंग प्राइसला (एसपी, म्हणजे सुटतानाच्या भावाला) जाते. उत्तर मिळाल्यासारखे वाटले. तसे नव्हते.

३.५० ला १० लावले, ३.४५ ला १०.१४ खायचे होते. न भरलेली ले एसपीला जाते तेव्हा रक्कम नव्हे, लायबिलिटी (घोडा जिंकल्यास द्यावी लागणारी रक्कम) कायम राहते. ती होती २४.८४. एसपी निघाला ३.८, म्हणून खाल्लेली रक्कम २४.८४ ÷ २.८ = ८.८७ झाली. घोडा जिंकला असता तर १६ पेन्स फायदा. हरला, तोटा १.१३ पौंड. म्हणजे संरक्षण मिळते, पण सगळा तोटा एकाच निकालावर ढकलला जातो. उघड्यावर पडण्यापेक्षा बरे. शेवटचा टेकू म्हणून ठेवले, बाहेर पडायचा मार्ग म्हणून नाही.

२६ मार्च

ऑर्डर पाठवली, उत्तर आले नाही, वेळ संपली. कोडने तीच ऑर्डर पुन्हा पाठवली. दोन्ही पोचल्या होत्या. ४.२ ला १० ऐवजी २० पौंड लागले. ठरलेले १० पौंड ४.१ ला सुटले, वरचे ४.४ ला काढावे लागले. तोटा ४५ पेन्स.

दुरुस्ती सोपी होती, आधीच वाचायला हवी होती: ऑर्डर पाठवणाऱ्या प्रत्येक विनंतीला आपला स्वतःचा संदर्भ क्रमांक देता येतो. तोच क्रमांक मिनिटाभरात पुन्हा आला तर एक्सचेंज दुसरी विनंती नाकारते. त्याशिवाय वेळ संपल्यावर आधी चालू ऑर्डरींची यादी मागवायची, मगच पुढचे पाऊल.

१ एप्रिल

आज दोन सौदे इन-प्लेमध्ये उघडे गेले. ९० सेकंदांची अट चाललीच नाही. पहिला हाताने १.३० नफ्यात निघाला असता, पण धरून ठेवायचा नाही हा नियम असल्याने लगेच बरोबरीत काढला. दुसरा ३.५० चा ३.७५ ला काढला, ६७ पेन्स गेले.

कारण ३१ मार्चच्या पहाटे ब्रिटनची घड्याळे एक तास पुढे गेली. शर्यतींच्या वेळा कार्डावरून हाताने भरल्या होत्या, म्हणजे स्थानिक वेळेत. प्रोग्रामचे घड्याळ यूटीसीत. ३० मार्चपर्यंत दोन्ही एकच होते, म्हणून सहा आठवडे चूक दिसली नाही. आज २.१० ची शर्यत प्रोग्रामच्या मते अजून तासभर लांब होती.

हाताने भरलेल्या सगळ्या वेळा काढल्या. एपीआय मार्केटची वेळ यूटीसीतच देते, तीच वापरायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उलटा प्रकार होईल, त्याची चाचणी आत्ताच लिहून ठेवली.

५ एप्रिल

स्टॉपचे (तोटा आवरून बाहेर पडण्याच्या भावाचे) गणित. ३.५० ला शिरून एक टिकला १४ पेन्स मिळतात. विरुद्ध दोन टिकला, ३.६० ला, बाहेर पडले तर २८ पेन्स जातात. म्हणजे तीनांत दोन सौदे जिंकल्यावर बरोबरी. पण स्टॉप २ टिकवर लावला म्हणून २ टिकवर भरतोच असे नाही. मार्केट ३.७० पर्यंत घसरून भरला तर ५४ पेन्स, आणि बरोबरीसाठी पाचांत जवळजवळ चार जिंकावे लागतात.

स्टॉप कुठे लावायचा यापेक्षा तो खरेच कुठे भरतो याची नोंद ठेवावी. आतापर्यंतच्या नोंदींत तो सरासरी अडीच टिकवर भरतो. त्यात सुधारणा एकाच गोष्टीने झाली: पुढच्या तीन भावांवर मिळून निदान ३०० पौंड उभे नसतील तर शिरायचेच नाही. सौदे निम्मे झाले. घसरण कमी झाली.

९ एप्रिल

घोडा मागे घेतल्यामुळे मार्केट निलंबित. तेव्हा दोन पोझिशन होत्या.

पहिली पूर्ण बंद: ५.० ला १० लावले, ४.९ ला १०.२० खाल्ले. मागे घेतलेल्या घोड्याचा रिडक्शन फॅक्टर (उरलेल्या घोड्यांचे भाव किती कापायचे ते प्रमाण) २० टक्के धरू. विन मार्केटमध्ये दोन्ही भाव त्याच प्रमाणात कापले जातात, ५.० चा ४.० आणि ४.९ चा ३.९२. जिंकला तर ३०.०० वजा २९.७८, हरला तर २० पेन्स. नफा जागेवर. प्लेस मार्केटमध्ये (पहिल्या काही क्रमांकांत येण्यावरच्या बाजारात) कपात भावाऐवजी जिंकलेल्या रकमेवर लागते, तिथे हे समीकरण असे नीट राहत नाही. विनमध्येच राहण्याला आणखी एक कारण.

दुसरी उघडी. लावलेला भाव कापला गेला, आणि मार्केट पुन्हा उघडले तेव्हा नवा भाव त्या कपातीच्या हिशेबाने आलाच नव्हता. दोन टिक तोटा घेऊन काढली. नशीब दोनच. आता निलंबनाचा संदेश आला की प्रोग्राम सगळी ऑर्डर-स्थिती कोरी करून पुन्हा मागवतो. पुन्हा उघडल्यावर आपली ऑर्डर जागेवरच असेल असे धरत नाही.

१३ एप्रिल

ग्रँड नॅशनल, अडथळ्यांची मोठी शर्यत. या वर्षीपासून कमाल ३४ घोडे. बहुतेकांचा भाव १० च्या वर, जिथे टिक ०.५ ची किंवा त्याहून मोठी. या प्रोग्रामचे काम नाही. बंद ठेवला.

२० एप्रिल

हिशेब. नियमाप्रमाणे झालेले सौदे ९६.

एका टिकचा नफा: ६१ सौदे, ८.७२ पौंड.
बरोबरीत: १४.
स्टॉपला: २१ सौदे, ७.४८ पौंड तोटा.
कमिशन: ११ पेन्स.

म्हणजे पद्धतीने महिनाभरात १.१३ पौंड दिले. नियमाबाहेरच्या चार प्रसंगांनी (लॅप्स १०.००, एसपी १.१३, दुहेरी ऑर्डर ०.४५, घड्याळ ०.६७) १२.२५ घेतले. निव्वळ ११.१२ पौंड तोटा. प्रो डेटाचे पैसे आणि वाया गेलेले दिवस यात धरलेले नाहीत.

रक्कम दहापट केली तर नफा दहापट होईल असे कोणी सुचवेल. १० पौंड रांगेत कोणाला दिसत नाहीत, १०० दिसतात, आणि तेवढे एकदम भरायला त्याच भावावर जास्त वेळ थांबावे लागते. आधी २० वर ५० सौदे, स्टॉप कुठे भरतो ते बघून मग पुढे.

सोमवारपासूनचा बदल एकच: खायची ऑर्डर ४० सेकंदांत भरली नाही तर टिकची वाट न बघता बरोबरीला बाहेर. जुन्या डेटावर ४०, ६० आणि ९० सेकंदांची तुलना रात्री चालू केली आहे.